प्रश्न कुणाचा? खानदेशातील लोकज्ञान आणि त्याच्या नोंदी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, म्हणजे खानदेशाचा, जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८० साली छापून निघाला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जळगावजवळच्या आसोद्याला महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. पुढे ती चौधरींच्या घरी गेली, तिला अक्षरओळख कधी झाली नाही, आणि तिने रचलेली गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. गॅझेटिअरमध्ये खानदेशची माती, पिके, नद्या, बंधारे, जंगले, भिल्ल या सगळ्यांवर पाने आहेत. बहिणाबाईंच्या गाण्यांतही माती, पेरणी, पाखरे आणि विहीर आहे. एक नोंद मुलूख पाहायला आलेल्यांनी केली, दुसरी त्या मुलखात राबणाऱ्या बाईने. पहिली तत्काळ छापली गेली. दुसरीला बहात्तर वर्षे लागली, आणि तीही घरातल्या लिहित्या माणसांनी ऐकून टिपून ठेवली म्हणून.

हा योगायोग मी एवढ्यासाठी सांगतो आहे, की अलीकडे पर्यावरण-संशोधनात ‘लोकज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ’ हा शब्दप्रयोग फार वाढला आहे. परिषदांची निमंत्रणे, प्रकल्पांचे प्रस्ताव, विद्यापीठांतले प्रबंध, सगळीकडे तो असतो. कॅनडातील मिग्मॉ समाजातले वडीलधारे अल्बर्ट मार्शल यांनी २००४च्या सुमारास मांडलेली ‘दोन डोळ्यांनी पाहण्या’ची कल्पनाही आता आपल्याकडे उद्धृत होऊ लागली आहे. एका डोळ्याने आपल्या पूर्वजांचे ज्ञान पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञान, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या भल्यासाठी वापरावेत, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर आहे. पण ती खानदेशावर लावून पाहू लागलो तेव्हा मला वेगळीच अडचण जाणवली. डोळे दोन असले तरी मान कुठे वळवायची हे कोण ठरवते? पुढचा लेख हा त्या अडचणीचा पाठपुरावा आहे. त्यासाठी मी चार प्रकरणे घेतली आहेत: एक पक्षी, एक पाटबंधारा, एक गाव आणि एक नोंदवही.

पक्ष्यापासून सुरुवात करतो, कारण त्याची कथा जगभर सांगितली गेली आहे आणि ती नेहमी एकाच बाजूने सांगितली जाते.

रानपिंगळा हे लहानसे घुबड. साध्या पिंगळ्याचा भाऊ शोभावा असे, पण अंगापिंडाने भक्कम, आणि दिवसाउजेडी शिकार करणारे. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने पूर्वेकडे, आजच्या छत्तीसगडच्या भागात, १८७२ साली मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. नंतरचे बरेचसे नमुने आले ते पश्चिम खानदेशातून. मुंबई सरकारचे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०नंतरच्या तीन-चार वर्षांत ते गोळा केले. याच डेव्हिडसन यांनी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची कच्ची यादी प्रसिद्ध केली. कच्ची हा त्यांचाच शब्द, आणि प्रामाणिक शब्द. १८८४नंतर मात्र हा पक्षी कुणा अभ्यासकाला दिसला नाही. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज पक्षिसंग्राहकाने १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, गुजरातेत, एक नमुना मिळाल्याचा दावा केला होता. त्या दाव्यावर विसंबून मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला आणि हात हलवत परतले.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातल्या त्या नमुन्याची एक्स-रेसह बारकाईने तपासणी केली. तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा भरून-शिवून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग खोटा पत्ता सोडून खरे पत्ते धरून शोध सुरू झाला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला. ‘११३ वर्षांनी पुनर्शोध’ ही बातमी जगभर गेली.

या कथेत विज्ञानाचे जे श्रेय आहे ते मला कमी करायचे नाही. एका प्रतिष्ठित कर्नलाची चोरी टाक्यांवरून पकडणे हे सोपे काम नव्हे, आणि ज्ञानव्यवहार स्वतःची चूक स्वतः शोधतो याचे इतके चांगले उदाहरण क्वचित सापडते. गावच्या म्हाताऱ्याला सगळे ठाऊकच होते, असले भाबडे विधानही मी करणार नाही. घुबडाच्या दोन जवळच्या जाती वेगळ्या ओळखणे आणि त्यातली एक जगात दुर्मीळ आहे हे समजणे, यांपैकी दुसरी गोष्ट एका डोंगरात राहून कळूच शकत नाही. घुबडाबद्दलचा गावातला समज नेहमी त्याच्या भल्याचा असतो असेही नाही. अपशकुन आणि मंत्रतंत्र यांपायी घुबडे मारली जातात, त्यांची अंडी आणि अवयव वापरले जातात, हे आपण सर्वच जाणतो.

माझा आक्षेप ‘हरवला’ या क्रियापदावर आहे. पक्षी त्या ११३ वर्षांत तिथेच होता. भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा लोक तिथेच होते. हरवला होता तो संग्रहालयाच्या कपाटातून, आणि सापडला तोही प्रथम कपाटात. त्या शोधाचा प्रश्न मुळातच कपाटाचा प्रश्न होता: ही चिठ्ठी खरी की खोटी? सातपुड्यातल्या माणसाचा प्रश्न वेगळा होता. हे साग तोडले जाताहेत, त्यानंतर इथे काय उरेल? सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी तळोद्याचे जंगल नव्वदच्या दशकाच्या आरंभी तोडले गेले. ज्या उघड्या, कोरड्या सागवनात रानपिंगळा राहतो, त्याच पट्ट्यातले हे जंगल. आणि जे तिथे वसवले गेले तेही आदिवासीच, आपल्या नर्मदाकाठच्या जंगलातून उठवलेले. पक्ष्याच्या बाजूने बोलणारे आणि माणसांच्या बाजूने बोलणारे यांचे त्या वेळी एकत्र संशोधन झाले असते तर कदाचित प्रश्नच बदलला असता: ही दोन संकटे एकमेकांवर कुणी लादली? पुढच्या काळात रानपिंगळ्यावर भारतीय अभ्यासकांनी चांगले काम केले, तोरणमाळ, मेळघाट, यावल इथल्या नोंदी झाल्या, २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. पण त्याची लोकप्रिय कथा अजून १९९७च्या त्या एका सकाळीशीच अडकलेली आहे.

*

आता फड. इथे मला सावकाश जायचे आहे, कारण खानदेशाने जगाला दाखवावे असे जे काही थोडे आहे त्यात फड पद्धतीला मी फार वरचे स्थान देतो. आणि नेमक्या तिच्याबद्दलच आपण फार आळसाने लिहितो.

पांझरा, मोसम, आरम या तापी-गिरणेच्या खोऱ्यातल्या नद्या. त्यांवर दगडी बंधारे, बंधाऱ्याच्या कडेने निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वाफ्यापर्यंत सारंग, आणि जादा पाणी परत नदीला सोडण्यासाठी सांडवे. भिजणाऱ्या साऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात एका हंगामाला एकच प्रकारचे पीक. यंदा ज्या फडात ऊस, पुढे त्यात बाजरी-गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, मग कधी पडीत. कोणत्या फडाला पाणी आणि कोणता कोरडा हे दरवर्षी नदीचा अंदाज घेऊन शेतकऱ्यांनी बसून ठरवायचे. पाणी वाटायला पाटकरी, पाटाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपात. शेतकऱ्याचे वावर शक्यतो प्रत्येक फडात थोडे थोडे असल्याने पाणी कमी पडले तर झळ सर्वांना सारखी लागते. एकट्याचे वावर वाळून दुसऱ्याचे हिरवे राहिले, असे सहसा होत नाही.

हे वर्णन पुस्तकांत सापडते. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी संपादित केलेल्या ‘डाइंग विज्डम’ या १९९७च्या ग्रंथात फड पद्धतीला मानाचे पान आहे. (पुन्हा १९९७! त्या वर्षी खानदेशातले दोन हरवलेले ऐवज जगाच्या नजरेस पडले म्हणायचे.) त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. पाण्याचे जुने शहाणपण हा विषय त्याने देशाच्या चर्चेत आणला. पण त्याच्या नावातच मला खोट दिसते. ‘मरणारे शहाणपण’ म्हटले की ते शहाणपण एखाद्या जुन्या भांड्यासारखे होते तसे सापडले आणि फुटत चालले, असे चित्र उभे राहते. फड हे भांडे नव्हते. दर वर्षी नव्याने करून पाहायचा तो एक प्रयोग होता.

याचा पुरावा त्या रचनेतच आहे. एका फडात एकच पीक, हा नियम का? कारण शेजारच्या वावरात ऊस आणि आपल्या वावरात हरभरा असेल तर उसाचे पाणी पाझरून हरभऱ्याची मुळे कुजतात. पिकांची पाण्याची गरज वेगळी, पाळीचे दिवस वेगळे, त्यामुळे पाण्याचा हिशेब ठेवणे अशक्य होते. सगळ्यांचे एकच पीक असेल तर पाटकऱ्याला एकच हिशेब करावा लागतो. फेरपालट का? कारण सतत ऊस भिजवलेल्या काळ्या मातीत पाणी साचते आणि क्षार वर येतात. गोदावरी, नीरा, प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात इंग्रज अभियंत्यांना ही चोपण जमीन विसाव्या शतकात हजारो एकरांवर पाहावी लागली, आणि तिच्यावर अहवालांमागून अहवाल लिहिले गेले. पांझरेकाठी हे निष्कर्ष नियमाच्या रूपात आधीच होते. कुणीतरी कधीतरी जमीन खराब होताना पाहिली, चुका केल्या, भांडणे झाली, आणि मग नियम ठरला. ती निरीक्षणे आणि त्या चुका कागदावर नाहीत, एवढ्यावरून तो ‘परंपरा’ आणि अहवाल तेवढा ‘संशोधन’ असे ठरते का?

इथे एक तपशील मला फार बोलका वाटतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि नाशिकनंतर लगेच त्यांची नेमणूक धुळ्याकडे झाली. पांझरेच्या पाटासाठी साक्री तालुक्यातल्या दातर्तीला नळांचा सायफन बांधणे हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक. भर पावसाळ्यातल्या त्या कामाची हकीकत त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात सांगितली आहे. म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा हा तरुण फडांच्या ऐन मुलखात पाण्याचे काम शिकला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर त्यांच्याच कल्पनेतून ‘ब्लॉक पद्धत’ आली. जमिनीचे ठरावीक गट, गटात उसाला ठरावीक वाटा, बाकी हंगामी पिके, पिकांची फेरपालट, आणि पाणी थोड्या गावांत न मुरवता अनेक गावांना पुरवणे. फडाचे वर्णन वाचून मग ब्लॉक पद्धतीचे वर्णन वाचावे, साम्य डोळ्यांत भरते. मी याला उसनवारी म्हणणार नाही, कारण उसनवारीला कागद लागतो. पण पांझरेचा पाट रोज पाहणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यात त्या पाटाची रचना शिरली नसेल, हे मानायला माझे मन तयार नाही. आपल्या अभियांत्रिकीच्या इतिहासात ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांच्या नावावर आहे आणि फड कुणाच्याच नावावर नाही. ‘दोन ज्ञानांचा मेळ’ कदाचित १८८४ सालीच झाला होता. फक्त एका पक्षाची सही राहून गेली.

फडाचे गुणगान करताना आपण आणखी एक गोष्ट झाकतो. फड हा जमीनधारकांचा करार होता. ज्याला वावर त्याला पाणी. ज्याला वावर नाही त्याला पाटावर मजुरी, फार तर जागल्याचे काम. पांझरेचे पाणी ज्या डोंगरांतून येते तिथल्या भिल्ल-कोकणा वस्त्यांना या वाटपात जागा नव्हती. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पाटबंधाऱ्यांचा आणि जंगलखात्याचा जो हिशेब मांडला, त्याच्या शेजारी ठेवून फड वाचला म्हणजे गौरवाचा सूर आपोआप खाली येतो. समाजाने चालवलेली व्यवस्था म्हणताना समाजात कोण कोण धरले होते, हे विचारावेच लागते.

फड मोडला तो कुणा एका शत्रूमुळे नव्हे. वरच्या अंगाला धरणे झाली आणि खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह आटला. विहिरींवर आधी तेलाचे पंप आणि नंतर विजेचे पंप आले आणि ज्याला परवडले तो स्वतंत्र झाला. आपल्या वावरात कुठले पीक घ्यायचे हे चार जणांनी का ठरवावे, असा प्रश्न तरुणांनी विचारला आणि त्याचे उत्तर वडिलांकडे नव्हते. तापीच्या पलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यांत ठिबक आली. त्या ठिबकने पाण्याची बचत केली हे खरेच, पण बचतीचा हिशेब प्रत्येकाच्या वावरापुरता राहिला. सर्वांखालून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही, आणि विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या. २००५ साली सिंचनव्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्याने केला आणि पाणीवापर संस्था आल्या. पण पाटकरी सभेतून निघाला होता, आणि या संस्था शासनाच्या नमुन्यातून. ज्या गावांत फड शेवटपर्यंत टिकला होता तिथल्या जुन्या पाटकऱ्यांशी बोलून, त्यांचे तोंडी नियम उतरवून, मग हा नमुना बनला असता तर तो वेगळा झाला असता असे मला वाटते.

*

साक्री तालुक्यातच, पिंपळनेरच्या पलीकडे गुजरातच्या सीमेलगत बारीपाडा आहे. कोकणा आणि भिल्ल वस्तीचे, शंभरेक घरांचे गाव. नव्वदच्या दशकाच्या आरंभी उजाड झालेले आपले डोंगर राखायचे गावाने ठरवले. कुऱ्हाडबंदी, चराईवर नियम, मोडणाऱ्याला दंड, पाळीपाळीने राखण, चर आणि दगडी बांध. चैत्राम पवार हे वाणिज्य शाखेत एम.कॉम. झालेले गावचेच तरुण यात पुढे होते. जवळपास ११०० एकर जंगल उभे राहिले, पाणी आले, भात सुधारला. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार गावाला मिळाला, आणि २०२५ साली पवारांना पद्मश्री.

याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याचा बहुतेक भाग ‘एका माणसाने गाव बदलले’ या साच्यात बसवलेला आहे. साचा वाचकांना आवडतो, पण संशोधनाला तो घातक आहे. एका माणसाच्या निर्धाराने जंगल उगवत नाही. ते नियम पाळणाऱ्या शंभर घरांमुळे उगवते, आणि त्यातही सरपणाची मोळी आणायला जाणाऱ्या बायकांनी तो नियम स्वतःच्या डोक्यावरच्या ओझ्यातून सोसलेला असतो. चराई बंद केली तर शेळ्या कुठे न्यायच्या, जळण किती कमी करायचे, हे सारे घरातले हिशेब. ते कुणी लिहून ठेवले?

बारीपाड्याचा मला भावलेला भाग म्हणजे २००४ पासून तिथे भरणारी वनभाज्यांची स्पर्धा. बायका रानातून भाज्या आणतात, शिजवतात, मांडतात. नाव काय, कुठला भाग खायचा, कधी मिळते, कशी करायची, हे सांगतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पाककृतींचा मेळावा वाटेल. मी याला सर्वेक्षण म्हणतो, आणि अनेक औपचारिक सर्वेक्षणांपेक्षा चांगले. कारण इथे माहिती देणारी बाई प्रश्नावलीपुढे बसलेली नसते. ती जिंकायला आलेली असते. दुसरीने चूक सांगितली तर तिथल्या तिथे दुरुस्त करणाऱ्या दहा जणी हजर असतात. एका जागी इतके परीक्षक मिळणे कुठल्याही संशोधनपत्रिकेला परवडणार नाही.

शेवळाचे उदाहरण घ्या. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येणारा हा कोंब नीट केला नाही तर घसा खाजून हैराण करतो. म्हणून त्यात काकडाची फळे किंवा चिंच-कोकमासारखे आंबट घालतात. वनस्पतिशास्त्र सांगते की या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशात टोचतात. दोन्ही विधाने खरी. पण दुसरे विधान ‘का’ खाजते हे सांगते, आणि पहिले ‘केव्हा, किती, कशाने’ थांबते हे सांगते. कडू कंद चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, हेही तसेच. यामागे कुणाच्या तरी पोटात दुखले आहे, कदाचित त्याहूनही वाईट झाले आहे. प्रयोगशाळा आणि चूल यांचा खरा मेळ बसायचा तर दोघींनी एकमेकींना नवा प्रश्न दिला पाहिजे. उदाहरणार्थ, पाऊस उशिरा आला आणि काकड धरलाच नाही, तर त्या वर्षी शेवळ कशाने उतरवायचे? हा प्रश्न हवामानबदलाच्या कुठल्याही प्रस्तावात मी पाहिला नाही. बायकांच्या बोलण्यात मात्र तो असतो.

राजकारणाबद्दल थोडेसे, कारण ते टाळून लिहिणे खोटेपणाचे होईल. बारीपाड्यामागे वनवासी कल्याण आश्रमाचे काम आहे. सातपुड्याच्या बाजूला, यावल-चोपड्याकडे, वनहक्कांसाठी लोकसंघर्ष मोर्चाने प्रतिभा शिंदे यांच्या पुढाकाराने अनेक वर्षे लढा दिला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हजारो आदिवासी-शेतकरी ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. एका बाजूचे लोक ‘वनवासी’ म्हणतात, दुसऱ्या बाजूचे ‘आदिवासी’, आणि दोन्ही बाजूंचे लेखक एकमेकांच्या गावांबद्दल सहसा लिहीत नाहीत. मला ‘आदिवासी’ हाच शब्द बरोबर वाटतो. पण जंगल कुणी राखले हे पाहायला गेलो, तर एका बाजूचे वाचन पुरत नाही.

*

राहिली नोंदवही. इथे आता खरोखर पणाला लागलेले काही आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत. म्हातारीचे सांगणे आणि उपग्रहाचे चित्र हे इतक्या थेटपणे एका ओळीत आणणारा दुसरा कायदा मला माहीत नाही. आपल्या शेजारी, गुजरातेतल्या देडियापाडा भागात, आर्च वाहिनीच्या मदतीने गावकऱ्यांनी स्वतः जीपीएस घेऊन आपली शेते मोजली आणि ती उपग्रहचित्रांवर बसवून फेटाळलेले दावे पुन्हा उभे केले. यंत्र पाश्चात्त्य, पण शिवारातून कुठून कुठे चालायचे ते गावाने ठरवलेले. हे मला ‘दोन डोळ्यां’चे सगळ्यात नितळ उदाहरण वाटते. उलट, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या दोन आठवड्यांत खानदेशातल्या किती घरांत झोप उडाली असेल याची कल्पना करता येते. कागद कुणी लिहिला, कसा लिहिला, यावर वावर राहणे-जाणे अवलंबून होते.

जैवविविधतेच्या नोंदवहीचे मात्र वेगळेच झाले. २००२च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने करायची लोक-जैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना आधीच गावोगाव करून पाहिली होती, आणि तिच्यात लोकांनी स्वतः प्रश्न ठरवणे हाच गाभा होता. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाखांचा भुर्दंड. हेतू चांगला. परिणाम असा, की वर्षानुवर्षे न झालेले काम काही महिन्यांत उरकले गेले.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामपंचायतीत मी अशी नोंदवही पाहायला मागितली. ती कपाटात होती, चांगली बांधलेली. आत वनस्पतींची यादी छापील, तिच्यात कोकणातली झाडे. ‘माहिती देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात सगळीकडे एकच नाव, ग्रामपंचायतीतल्या एका कर्मचाऱ्याचे. माझ्याबरोबर आलेल्या बाईंनी खिडकीबाहेरचे झाड दाखवून विचारले, हे आहे का यात? ते नव्हते.

मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षीच्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचे आणि चैत्राम पवारांचे नाव होते. चितमपल्लींच्या लिखाणातला हळवेपणा मला कधी कधी जड जातो, पण एका बाबतीत ते आमच्यासारख्या संशोधनाच्या बाता मारणाऱ्यांहून फार पुढे होते. शब्द कुणाकडून मिळाला, पक्षी कुणी दाखवला, हे ते सांगत. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार आज मराठी वाचकाला ठाऊक आहेत, ते चितमपल्लींनी त्यांना गुरू म्हणून पानांवर आणले म्हणून. खानदेशात असे किती माधवराव कुणाच्या तरी प्रबंधात ‘एक स्थानिक माहितगार’ होऊन गेले असतील!

आमच्या धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून दप्तरे गोळा केली, रद्दीत जाणारा कागद इतिहासाचा पुरावा म्हणून उभा केला. मराठी संशोधनाची शिस्त त्या कागदावर घडली, आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. ज्याच्या घरी दप्तर नव्हते त्याचा इतिहास आम्ही शोधायला गेलोच नाही. वतनाचा कागद आम्हाला सापडतो. पाटकऱ्याचे तोंडी गणित सापडत नाही, कारण आम्ही ते मागितले नाही.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे-वाळूचा जो बझाडा पट्टा आहे, त्यात तापीचे पाणी जिरवायचे, म्हणजे यावल-रावेर-चोपड्याकडचे आटलेले भूजल वर येईल, अशी ती योजना. डोंगरातून उतरणारा नाला नेमका कुठे येऊन गायब होतो, कुठल्या नाल्याचे पाणी चार दिवस टिकते आणि कुठल्याचे चार तासांत जिरते, हे त्या पट्ट्यात गुरे चारणाऱ्या तडवी-पावरा पोरांना पायाखालच्या वाटेसारखे माहीत असते. भूजलतज्ज्ञांकडे नकाशे आहेत, विंधनविहिरींच्या नोंदी आहेत. अजून खोदकाम व्हायचे आहे. त्या नाल्यांची यादी करायला कुणीतरी वही घेऊन जायला अजून वेळ आहे, आणि या वेळी माहिती देणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक नाल्यापुढे वेगळे नाव लिहिता येईल.